दापोलीत 'आर' नाही

सकाळी साडेसहाला दापोलीच्या आझाद मैदानावर फेऱ्या मारणारे निवृत्त गृहस्थ हल्ली एकमेकांना नमस्कार करत नाहीत. "झालं का?" असं विचारतात. हाच प्रश्न पूर्वीही विचारला जाई, पण तेव्हा त्याचा संबंध पोटाशी असे आणि उत्तर देणारा इसबगोलाबद्दल दोन शब्द बोले. आता उत्तर येतं, "झालं. चौथ्यात." मग विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो, कारण त्याचं सहाव्यात झालेलं असतं. ज्याचं अजून व्हायचंच असतं तो मैदानाच्या पलीकडच्या कडेने एकटा फिरतो आणि त्याचे ओठ हलत असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, रामरक्षा चालली आहे. जवळ गेल्यावर ऐकू येतं, "एस, टी, ए... एस, टी, ओ..."

या व्याधीचं नाव वर्डल. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल नावाच्या प्रोग्रॅमरने आपली जोडीदार पलक शाह हिला शब्दांचे खेळ आवडतात म्हणून हा खेळ तयार केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांना खुला केला. पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा. अक्षर नेमक्या जागी पडलं तर घर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, शब्दात नाहीच तर करडं. १ नोव्हेंबरला हा खेळ ९० माणसं खेळली. दोन महिन्यांनी तीन लाखांहून जास्त. जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो विकतच घेतला. पाच अक्षरी शब्द इंग्रजीत बाराएक हजार सापडले. वॉर्डलने ते सगळे गोळा करून ठेवले आणि त्यातले सामान्य माणसाला माहीत असलेले सुमारे अडीच हजार निवडून काढायचं काम पलकने केलं. पुरुषाने पसारा घालायचा आणि बाईने निवडत बसायचं, ही रीत ब्रुकलिनमध्येही चालते हे ऐकून आमच्या आळीतल्या वहिनींना फार बरं वाटलं.

दापोलीला हा खेळ मानवला तो पावसामुळे. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकून घेतो. आंबा-काजूची गडबड संपलेली, पर्यटक परत गेलेले, लाईट असली तर असली. अशा वेळी माणसाने पत्ते खेळावेत. पण पत्त्यांना चौघं लागतात आणि चौघांची आपसांत बोलाचाली शिल्लक असावी लागते. शब्द शोधायला माणूस एकटा पुरतो. हरला तर कोणाला कळत नाही, जिंकला तर मैदानावर सगळ्यांना कळवता येतं.

दुपारी चहा झाला की मात्र स्क्रॅबलचा पट निघतो. हा पट कोणीतरी मुंबईकर भाचा मे महिन्यात घेऊन येतो आणि जाताना आंब्याच्या पेटीला जागा करायची म्हणून इथेच टाकून जातो. खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स, न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. १९३० च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा तो वर्तमानपत्रं पुढ्यात घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला. बेकार माणसाने पेपर पुढ्यात घेऊन बसावं यात दापोलीकरांना नवल वाटत नाही. त्यातून काही निघालं याचं वाटतं. ई जिथे तिथे भेटली, म्हणून तिच्या सोंगट्या १२ आणि किंमत एक गुण. क्यू आणि झेड क्वचित दिसले, म्हणून ते एकेकच आणि किंमत दहा-दहा गुण. शेपटाला एस लावून अनेकवचनं करायची आणि फुकटचे गुण लाटायचे, ही चलाखी त्याला आधीच सुचलेली असल्यामुळे एस फक्त चार. अशी ९८ अक्षरं आणि दोन कोऱ्या सोंगट्या, मिळून १००. कोरी सोंगटी ज्याच्या हाती पडेल त्याने हवं ते अक्षर समजून लावावी. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रूनो याने खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं. बट्सला त्याच्याच खेळात त्याची बायको नीना हरवत असे.

दापोलीला आल्फ्रेड नवे नाहीत. इथली जुनी, नावाजलेली शाळा म्हणजे आल्फ्रेड गॅडने हायस्कूल. मिशनच्या काळात तिथे भारतरत्न पांडुरंग वामन काणे शिकले, साने गुरुजी शिकले. गावाने त्या आल्फ्रेडची दोनच अक्षरं ठेवून घेतली, 'ए. जी.', आणि बाकीची साहेबाला परत केली.

आमच्या पडवीत पटाभोवती बसणारी मंडळी ठरलेली आहेत. पहिले मास्तर. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, तर्खडकरांच्या पाठमाला गिरवून तयार झालेले. ज्या शब्दाचा अर्थ, वचन आणि वाक्यात उपयोग सांगता येत नाही तो पटावर ठेवायचा नाही, असा त्यांचा दंडक. तो ते स्वतः पाळतात आणि म्हणून हरतात. हातात जे आणि ओ, समोर मोकळी जागा, 'जो' लावला की नऊ गुण पदरात. पण मास्तरांचा हात पुढे होत नाही. स्कॉटलंडात प्रियकराला 'जो' म्हणतात, हे कोशात काढून दाखवलं तर म्हणतात, "म्हणू देत. आपण स्कॉटलंडात नाही, केळसकर नाक्यापाशी बसलोय."

दुसरे प्राध्यापक. १९७२ मध्ये इथे कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि दापोलीला डोंगर, समुद्र यांच्याबरोबर प्राध्यापकही मिळाले. आमचे प्राध्यापक कीटकशास्त्राचे. पाच अक्षरी शब्दांचं त्यांच्याकडे कोठार आहे, फक्त त्यातला निम्मा माल किड्यांचा आणि उरलेला झाडाच्या अवयवांचा. रोज सकाळी वर्डलच्या पहिल्या ओळीत ते 'एफिड' टाकतात, म्हणजे दिवसाची सुरुवातच मावा पडण्याने होते. दुसऱ्या ओळीत 'झायलेम'. त्यात एक्स आणि वाय एकदम तपासून होतात, आणि ते कधीच नसतात. विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' हा आंबा काढला. रोमन लिपीत त्याची बरोब्बर पाच अक्षरं होतात, म्हणून तो खपवायची प्राध्यापकांची जुनी खटपट आहे. विशेषनाम चालत नाही म्हटलं की ते चिडतात. "विशेषनाम कसलं? फळ आहे ते! कापून देऊ?"

तिसरा नातू. पुण्याच्या इंग्रजी शाळेत जातो. इंग्रजी फाडफाड बोलतो, लिहायची वेळ आली की फोन मागतो. दोन अक्षरं टाकली की उरलेला शब्द फोनने पुरा करायचा, या शिस्तीत वाढलेला. पटावर लाकडी सोंगट्या मांडून तो थोडा वेळ वाट बघतो आणि काहीच उगवलं नाही की बोटाने दाबून पाहतो.

चौथ्या वहिनी. मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजीची गाठ पाचवीत पडलेली. आपल्याला इंग्रजी येत नाही असं त्या आल्यागेल्याला सांगतात, आणि सर्वांत जास्त वेळा त्याच जिंकतात. वर्डलमध्ये त्यांचा पहिला शब्द ठरलेला: ए, डी, आय, ई, यू. त्याचा उच्चार त्या 'अडियू' असा करतात. मास्तरांनी सांगितलं, हा फ्रेंचांकडून आलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ कायमचा निरोप. वहिनींना निरोपाशी कर्तव्य नाही. एका फटक्यात चार स्वर तपासून होतात याच्याशी आहे. मग दुसऱ्या ओळीत आर, एस, टी यांची झडती. कुठलं अक्षर कोणाशेजारी बसतं आणि कोणाशेजारी बसत नाही, हे त्यांना लग्नकार्यातल्या अनुभवामुळे चटकन कळतं. एका सकाळी शब्द निघाला के, एन, ओ, एल, एल. वहिनींचं तिसऱ्यात झालं. मास्तर म्हणाले, "वहिनी, अहो, नॉल म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" वहिनी म्हणाल्या, "मास्तर, घरं पाच, अक्षरं पाच. त्यात अर्थाला कुठे बसवू?"

पाचवा प्रकार पडवीत नसतो, पडवीच्या जिन्याखाली असतो. तो फोनवर शब्द शोधत असतो. इंटरनेटवर अशा सोयी आहेत की आपल्याजवळची अक्षरं टाकायची, आणि त्यातून होणारे यच्चयावत शब्द लांबीप्रमाणे रांगेने उभे राहतात. पुढे यू नसलेले क्यूचे शब्द, झेडने संपणारे शब्द, एकही स्वर नसलेले शब्द, काय हवं ते. हा शोध घेणं म्हणजे कॉपी की अभ्यास, यावर आमच्याकडे पावसाळाभर परिसंवाद चालतो. मास्तर कॉपीच्या बाजूचे. त्यांनी आयुष्यभर वर्गात गाइड आणू दिलं नाही. घरी एक ठेवलं होतं, पण ते आपली उत्तरं बरोबर आहेत ना हे बघण्यापुरतं. प्राध्यापक म्हणतात, संदर्भसाहित्य पाहणं हा संशोधनाचा पायाच आहे. नातू म्हणतो, हे लोक शब्द डोक्यातून का काढतायत?

खरी लढाई क्यूवरून होते. क्यू आला की इंग्रजीत पाठोपाठ यू यावाच लागतो, असं मास्तरांनी तीन पिढ्यांना शिकवलं. स्क्रॅबलच्या कोशाने तीन पिढ्या वाया घालवल्या. तिथे 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द चालतो, चिनी लोकांची प्राणशक्ती, किंमत अकरा गुण. त्याखेरीज यू न लावता क्यूच्या जिवावर फकीर चालतो, काझी चालतो, कोर्मा आणि कव्वालीही चालते. यादी ऐकून मास्तर उखडले. "हे इंग्रजी आहे की हर्णैचा बाजार?" पण त्याच बाजारातला बोंबीलही साहेबाने सोडलेला नाही. इंग्रजी कोशात तो 'बम्मलो' या नावाने पहुडला आहे. त्याची अक्षरं सात. हातातल्या सातही सोंगट्या एकदम लागल्या की ५० गुण वरकड मिळतात. म्हणजे खेळाच्या पहिल्याच चालीत मधल्या चांदणीवर बोंबील पसरला तर निदान ७६ गुण. सुक्या बोंबलाला हर्णै बंदरावर एवढा भाव कधी आलेला नाही.

क्यू लागला नाही की मंडळी गावांच्या नावांवर घसरतात. गावाचं नाव रोमन लिपीत लिहायचं आणि त्याच अक्षरांतून इंग्रजी शब्द काढायचे, हा एस.टी.त बसून करायचा खेळ आहे. तो मराठीत जमत नाही. देवनागरीत दापोलीची घरं तीनच, आणि त्या तिघांना काना, ओकार, वेलांटी अशा घट्ट चिकटलेल्या, की उलटंसुलटं केलं तरी लीदापो किंवा पोलीदा यापलीकडे मजल जात नाही. वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांतही मराठी अक्षर आपला सगळा संसार घेऊनच चौकटीत शिरतं. 'क्ष्मी' एका घरात राहते. रोमन लिपीत मात्र डी, ए, पी, ओ, एल, आय अशी सहा सडी माणसं. कुणीही कुणाशेजारी बसावं.

असं बसवून पाहिलं की गावाचा दाखलाच हाती येतो. दापोलीत 'लोड' आहे. शेडिंग बाहेरून येतं. 'पेल' आहे, म्हणजे बादली. 'वॉटर' नाही, आणि मे महिन्यात हे कोणालाही पटेल. सरकारी 'एड' आहे, पर्यटकांनी आगाऊ 'पेड' केलेलं आहे, गणपतीच्या दिवसांत 'आयडॉल' आहे, 'ओल्ड' तर आमची सगळी पडवीच आहे. 'रोड' मात्र नाही. आर नसल्यामुळे. हे मत कुठल्या पक्षाचं नव्हे, अक्षरांचं आहे.

शेजारची गावंही तपासून झाली आहेत. कर्द्याची पाच अक्षरं हलवली की बरोब्बर 'ड्रेक' होतो, बदकाचा नर; तिथल्या होडीवाल्यांनी मात्र आजवर फक्त डॉल्फिन दाखवले. आंजर्ल्यातून 'लर्न' निघतं. हे शोभतंच, कारण शेजारच्या मुर्डीत जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. चिपळुणातून 'लंच' निघतं आणि एस.टी.ही तिथे त्यासाठीच थांबते. खेडातून 'ही' सोडून हाताला काही लागत नाही, असं दापोलीकर सांगतात आणि ते सांगताना त्यांना आनंद होतो. पन्हाळेकाझीला २९ लेणी आहेत, पण प्राध्यापकांचा जीव त्या नावातल्या एका अक्षरात अडकला आहे: काही पाट्यांवर जे, काहींवर झेड. जे लावला तर आठ गुण, झेड लावला तर दहा. हर्णैच्या सहा अक्षरांची जुळवाजुळव केली तर रोमन लिपीत 'हैरान' तयार होतं, एकही अक्षर न उरता. रविवारी तिथे गाडी लावायला जागा शोधलेल्या माणसाला याचा पुरावा लागत नाही. घोटाळा झाला तो मुरूडला. ज्या मुरूडहून महर्षी कर्वे परीक्षा देण्यासाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले, त्या मुरूडमधून 'रम' निघाली. मास्तरांनी सोंगट्या तिथल्या तिथे मोडल्या. प्राध्यापक म्हणाले, अक्षरांना चारित्र्य नसतं.

अक्षरांना चारित्र्य नसतं, अर्थ नसतो आणि उच्चारही नसतो, म्हणूनच आमची मंडळी इंग्रजीला पहिल्यांदा न घाबरता भेटत आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधीच्या लोकांना ती पाचवीत भेटली, आणि भेटली ती छडी घेऊनच. 'नाइफ'च्या आधी के का लिहायचा, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. विसरलं तर काय होतं तेवढं सांगितलं. ज्या मुक्या 'के'पायी हातावर वळ उठले तोच के आज पटावर ठेवला तर मुकाट पाच गुण देतो. नुकसानभरपाई उशिरा आली, पण आली.

आणि हे काही फक्त पडवीतल्या लोकांचं समाधान नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं; नऊ आठवडे बसून त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ मध्ये तो स्पेनला जाऊन स्पॅनिशमधलंही जगज्जेतेपद घेऊन आला, आणि त्याला स्पॅनिशही येत नाही. इंग्रजीतलं जगज्जेतेपद २००३ मध्ये थायलंडच्या खेळाडूने नेलं. हे सगळं वाचून दाखवल्यावर मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्या माणसाने घोकंपट्टी केली." आवाजात तक्रार होती, पण चेहरा अभिमानाचा होता. आपली अध्यापनपद्धती अखेर जगाने मान्य केली, असा काहीसा.

तरीही क्यू सुटेना. तेव्हा भेंड्यांचा दाखला निघाला. भेंड्या लावताना ण वर गाडी अडली तर न धरतात, ळ आला तर ल. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत, हे मान्य करून आपल्या पूर्वजांनी हा समजूतदार तह केला, आणि त्यामुळे आजवर कित्येक सहली सुखरूप घरी पोचल्या. इंग्रजांनी एवढं साम्राज्य चालवलं, पण क्यूबाबत साधी तडजोड त्यांना सुचली नाही. मग आमच्या पडवीनेच ती करायची ठरवली. नातू रेंज शोधायला मागच्या टेकडीवर गेला आहे असं बघून सभा भरली. पहिला ठराव: क्यू आला तर के धरावा. दुसरा: आंब्याच्या जाती सामान्यनाम समजाव्यात. तिसरा ठराव मास्तरांनी स्वतः मांडला. दापोलीच्या वाट्याला एक कोरी सोंगटी कायमची द्यावी आणि ती आर म्हणून वापरायची मुभा असावी, म्हणजे निदान पटावर तरी 'रोड' होईल.

तिन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. प्राध्यापकांनी अनुमोदन दिलं, मास्तरांनी वहीत लिहून खाली तारीख घातली. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. जाता जाता त्यांनी एवढंच विचारलं, "पण काय हो, हा आर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल ना?"